काचेवरचे शिपाई

(गिरगाव, सन १८९८, प्लेगाचं दुसरं वर्ष. चैत्रातली दुपार. माडीवर डॉक्टर सुभद्राबाईंचा बायकांचा दवाखाना, खाली त्यांच्या यजमानांचा, हेरंबरावांचा, पुरुषांचा. वरळीची कोळीण काशीबाई आपल्या सुनेला, गुणवंतीला, घेऊन आली आहे.)

काशीबाई : …म्हंजे मी काय बोलतंय, बाय, हिला तो गुपीत रोग, परमा, हाय का नाय, तू फकस्त तेवरं सांग. हाय बोललीस, तर सांजच्याला हिचा भाऊ चंदू माहीमवरून होरी घेऊन येनार हाय, त्याच्यासंगती ही माहेरी जाईल. नाय बोललीस, तर चंदू जेवून रिकामा जाईल. माजं कालवन दोनी बाजूनी तयार हाय.

सुभद्राबाई : काशीबाई, आधी खाली टेक बघू. जिना चढून किती धापा टाकतेस. आणि टोपली कुठं ठेवलीस?

काशीबाई : खाली पायरीवर. हरेश्वरला बसवलाय राखनीला. तुमच्या गल्लीतली मांजरं लय माजलीत, डोल्यासमोरून पापलेट नेतात.

सुभद्राबाई : मुलगाही आलाय का? बरं झालं. त्यालाही खाली तपासून घेऊ.

काशीबाई : त्याला कशाला? त्याला काय झालंय?

सुभद्राबाई : तेच बघायचं. गुणवंती, तू सांग. काय होतंय तुला?

गुणवंती : काय नाय.

काशीबाई : ऐकलंस? काय नाय. लघवीला बसली का दात-ओठ खाते, अंगावर पांढरं जातं म्हनून दिसातून चार येला लुगरं धुते, नि डाक्टरनीसमोर काय नाय.

गुणवंती : सगलं तूच सांगतेस, आये, तर मी कशाला जिना चढली?

सुभद्राबाई : मुद्द्याचं बोलली. काशीबाई, तू जरा खिडकीशी उभी राहा आणि मांजरं बघ. हां. आता सांग, कधीपासून?

गुणवंती : शिमग्यापासून.

सुभद्राबाई : हरेश्वर तेव्हा घरी होता?

काशीबाई : शिमग्यालाच तर आला. प्लेगानं बाजार बसला, मासली कोनी घेईना, मंग फत्तेमारीवर, मालाच्या गलबतावर, गेला मंगलूरची कवलं आनायला. तो आला नि हप्त्याभरात हिचं हे सुरू.

सुभद्राबाई : तुला मांजरं बघायला सांगितलं होतं.

काशीबाई : डोले मांजरांवरच हायत. कान रिकामे व्हते.

सुभद्राबाई : बरं. वाड्यात काय बोलतात, गुणवंती?

गुणवंती : ती शेजारची शेवंता बावीवर पानी भरताना बोलली, नवरा दर्यावर, बायको घरात एकटी. आता हिला परमा झाला, तर कुटून झाला ते इचारायला नको.

काशीबाई : शेवंतेचं नाव नको काडू माज्यासमोर. चोरटी मेली. मुनशिपालटीवाल्यांनी मना गटारात टाकायला फिनेलची बाटली दिली व्हती, बाय. प्लेगाचे किरे मरतात बोलले. मी फल्यांवर जपून ठेवली, नि रोज बगतंय तर फिनेल खाली खाली जातंय. शेवंतेबिगर दुसरं कोन माज्या घरात येतं? मी बावीवर सगल्यांदेखत तिची चंपी केली.

सुभद्राबाई : गुणवंती, तू खाली का बघतेस?

गुणवंती : मी? नाय तर.

सुभद्राबाई : हं. चल, पडद्यामागं ये. घाबरू नकोस, दुखलं तर सांग. कापसाच्या काडीनं थोडं पाणी घेते, तेवढंच… किती लाल झालंय ग सगळं. सोललंय नुसतं… झालं. नेस लुगडं.

काशीबाई : हाय का?

सुभद्राबाई : नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? काचेवर पसरलंय ते. वाळू दे, निळा रंग चढवते, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तोवर तू खिडकीतून हरेश्वरला सांग, आमच्याकडच्यांकडे जा म्हणावं.

काशीबाई : तुमच्याकरचे कोन?

सुभद्राबाई : अगं, खालचे. डॉक्टर.

काशीबाई : हेरंबराव बोल की. दुनियेच्या मुतातले किरे बगतेस, नि नवर्‍याचं नाव घेताना जीभ जलते तुजी?

सुभद्राबाई : काशीबाई, तू सांगतेस की मी खाली जाऊ?

काशीबाई : पन माज्या पोराला काय झालेलं नाय.

सुभद्राबाई : तो आला आणि हप्त्याभरात सुरू झालं, हे कोण बोललं?

काशीबाई : मी बोलली.

सुभद्राबाई : मग?

काशीबाई : आपलेच दात, बाय, आपलेच ओठ. थांब… हरेश्वर. ए हरेश्वर. टोपली घेऊन आत जा, डाक्टर सांगतील ते कर. लाजू नको, ते पन बाप्येच हायत. टोपली घेऊन जा बोलली ना मी? अरे ते बघ, नेला. नेला बोंबील.

गुणवंती : एकच नेला ना, आये?

काशीबाई : एक काय नि दोन काय. सकालची मासली व्हती.

सुभद्राबाई : या दोघी इकडं. ही माझी दुर्बीण म्हणा. गुणवंती, आधी ही दुसरी काच बघ. एका निरोगी बाईची आहे. एक डोळा मीट, दुसरा इथं लाव. काय दिसतं?

गुणवंती : निलं निलं. काड्या दिसतात. बारीक काड्या, लय. कोनी आगकाड्यांची पेटी सांडल्यावानी.

सुभद्राबाई : ते जंतू आहेत.

गुणवंती : अगो बाय. आनि निरोगी बोलता?

सुभद्राबाई : त्यांच्यामुळेच निरोगी. सगळे जंतू वाईट नसतात ग. थोड्या वर्षांमागं जर्मनीतल्या एका डॉक्टरनं हे शोधून काढलं. धडधाकट बाईच्या त्या वाटेत ह्या काड्या राहतात. घर करून राहतात म्हण. त्या तिथलं पाणी आंबट ठेवतात, आणि त्या आंबटात बाहेरचा जंतू सहसा टिकत नाही.

काशीबाई : चिचेच्या कोलात मासली नासत नाय, तसं.

सुभद्राबाई : तसंच काहीसं.

काशीबाई : मना बगू दे. सरक गो… हाय की. काड्याच काड्या. पन बाय, ही निरोगी बाई कोन?

सुभद्राबाई : आहे एक.

काशीबाई : गिरगावातली?

सुभद्राबाई : कुठली का असेना.

काशीबाई : तुजं तोंड कशाला लाल झालं मंग? गुणवंते, हिचीच हाय ही काच.

गुणवंती : आये, गप.

सुभद्राबाई : माझीच आहे. घरचं माणूस असताना काचेसाठी दुसर्‍याच्या दारात कशाला जाऊ? झालं समाधान? आता गुणवंतीची काच लावते. बोलू नका जरा.

काशीबाई : मी कुटं बोलतंय?… हाय काय?

सुभद्राबाई : थांब… हं. काडी एकही नाही. झाडून नेल्यासारखं झालंय. आणि शिपाई मात्र खंडीभर.

गुणवंती : शिपाई?

सुभद्राबाई : ये, तूच बघ. ते मोठे गोल दिसतात ना, आत गडद ठिपके असलेले? ते जंतू नव्हेत. त्या तुझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. अंगात कुठं चोर शिरला, कुठं जखम झाली, की त्या धावत येतात आणि चोराला गिळतात. तुझं पांढरं जातं ते बरंचसं हेच.

काशीबाई : चोराला गिलतात म्हंजे? खातात?

सुभद्राबाई : अख्खा. परम्याचे जंतू जोडीजोडीनं असतात, कॉफीचे दाणे असावेत तसे, समोरासमोर. ज्या बाईला परमा असतो तिच्या काचेवर ह्या शिपायांच्या पोटात त्या जोड्या दिसतात. म्हणून मी मघापासून शिपायांची पोटं तपासतेय.

काशीबाई : नि?

सुभद्राबाई : रिकामी. सगळ्यांची.

गुणवंती : म्हंजे नाय?

सुभद्राबाई : मला तरी एकही जोडी मिळाली नाही. शिपाई आलेत, चोर नाही.

काशीबाई : आमच्या वार्‍यात तसंच झालं व्हतं. प्लेग शोधायला सोजीर आले, घराघरांत घुसले, गाठ कोनालाच नवती. जाताना माजी चूलसुदीक धुवून गेले. दोन रोज लाकरं पेटली नाय.

सुभद्राबाई : बरोबर. मग माझा प्रश्न असा, की ह्यांना बोलावलं कुणी? नि घरच्या काड्या मेल्या कशानं? गुणवंती, मघाशी मला तिथं एक वास आला. हा वास मला चांगला ठाऊक आहे, माझी हत्यारं मी त्यातच बुडवते.

काशीबाई : कसला वास? अंगाला मासलीचा येत असंल, कोलीन हाय ती.

सुभद्राबाई : मासळीचा नाही. तुझ्या फळीवरच्या बाटलीचा.

काशीबाई : फिनेल?

गुणवंती : थोरंच घेतलं. पान्यात टाकून. फरका भिजवून आतपर्यंत पुसायची, सकाल-सांज.

काशीबाई : म्हंजे शेवंता…

गुणवंती : शेवंतेनं नाय घेतलं, आये.

काशीबाई : देवा खंडोबा. तिच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवल्या व्हत्या मी.

सुभद्राबाई : चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. का ग पोरी? गटाराचं औषध ते. हाताला लागलं तरी कातडी पांढरी पडते.

गुणवंती : मुनशिपालटीवाला बोलला, यानं सगले किरे मरतात. मंग मना वाटलं… बावीवर बायका बोलतात, फत्तेमारीवरचे बंदरा-बंदरात जातात, नि येताना परमा घेऊन येतात. हे आले, तवा हसत आले. माज्यासाठी मंगलूरवरून बांगड्या आनल्या. आता नवर्‍याला कसं इचारू? त्यांनी काय केलं नसंल, तर ते जन्मभर तोंड फिरवतील. म्हनून इचारलं नाय. आपलं आपनच पुसून घ्यावं बोलली. असंल तर मरंल, नसंल तर कोनाला कलनार नाय.

सुभद्राबाई : आणि आग होत होती ती?

गुणवंती : मना वाटलं किरे मरतात, त्याची आग.

सुभद्राबाई : म्हणून आणखी पुसलंस.

गुणवंती : जादा टाकून.

काशीबाई : आजार रेड्याला नि औषद पखालीला. आगो, तुज्या डोक्यात काय भुसा भरलाय? मना बोलायचंस.

गुणवंती : तुना काय बोलू? तुजा पोर बंदरात गेला व्हता काय, असं?

सुभद्राबाई : आता दोघी ऐका. आनंदाची गोष्ट ही, की परमा दिसत नाही. काळजीची ही, की गुणवंतीनं घरचे राखणदार स्वतःच्या हातानं मारलेत. कातडी सोललेली, दार सताड उघडं. आता हरेश्वरनं खरंच काही आणलं असेल, तर ते हिच्यात शिरायला पूर्वीपेक्षा सोपं. म्हणून सगळं खालच्या, हरेश्वरच्या काचेवर आहे.

काशीबाई : ती काच कवा येनार?

सुभद्राबाई : येईल. तू मासळी पाठवतेस तशीच येईल. दोरीला टोपली सोडलीय बघ खिडकीतून.

काशीबाई : त्या टोपलीतून? ज्यात मी बांगडे टाकतंय?

सुभद्राबाई : धुतलीय ती.

गुणवंती : नि त्यांच्या काचेवर जोड्या निघाल्या तर? सांजच्याला मी चंदूच्या होरीत. परमा माजा नसला तरी जायचं मीच. शेवंता बोलनार, बघा, टाकली.

काशीबाई : टाकली कोन बोललं तुना?

गुणवंती : तूच बोललीस. हाय बोललीस तर जाईल.

काशीबाई : जाईल बोलली. टाकली बोलली नाय.

गुणवंती : त्यात काय फरक हाय?

काशीबाई : टाकायची असती तर तुज्या भावासाठी हलव्याचं कालवन केलं असतं मी? सुका बोंबील फेकला असता त्याच्यासमोर.

सुभद्राबाई : काशीबाई, तू त्या चंदूला खरं कशाला बोलावलंस?

काशीबाई : सोर गो बाय. जुन्या गोष्टी.

सुभद्राबाई : काच यायला वेळ आहे. बोल.

काशीबाई : हरेश्वर रांगत व्हता तवा. ह्याचा बापूस कराचीवरून आला. तोपन हसतच आला व्हता. नि मंग मना ही असली आग, नि पोटात कल, नि ताप. असा ताप का भिताडं हालायची. सुईनीनं धुरी दिली, निखार्‍यावर बसवली, काय काय केलं. सासू बोलली, बाहेर बोलू नको, घराची अब्रू जाईल. मना कोपर्‍यात टाकली वाकल घालून. माजा भाऊ खारीच्या पलीकरंच व्हता, बाय. हाक मारली तर ऐकू जाईल, इतका. पन त्याला कोनी सांगावा धारला नाय. मी परल्या परल्या दाराकरं बगायची. वाटायचं, आता त्याची होरी लागंल.

गुणवंती : आली?

काशीबाई : नाय. ताप आपोआप उतरला. उठली, टोपली घेतली, बाजारात गेली. पन मंग कूस उजवली नाय. हरेश्वर एकला तो एकलाच. लोक बोलायचे देवाची मर्जी. मना म्हाईत व्हतं कोनाची मर्जी ती.

सुभद्राबाई : आणि हिचं तसंच दिसायला लागलं.

काशीबाई : हुबेहूब. डोले मिटायची ना लघवीला, तसंच. म्हनून चंदूला सांगावा धारला. हिच्या अंगाला घान हाय म्हनून नाय, गो. माज्या पोराच्या अंगाला असंल म्हनून. त्याच्यापासून हिला लांब न्यायला. माज्यासाठी होरी आली नाय, हिच्यासाठी तरी यावी.

गुणवंती : आये, मंग असं सांगायचं ना मना.

काशीबाई : आयनं आपल्या पोराचं असं कोनत्या तोंरानं सांगायचं?

गुणवंती : नि मी सांगायचं व्हतं मंग? बायकोनं?

सुभद्राबाई : छान. दोघी एकमेकींपासून लपवून एकाच माणसावर पहारा देत होतात. एकीनं होडी बोलावली, दुसरीनं फिनेल ओतलं. त्या बिचार्‍याला खाली मांजरं हाकताना पत्ताही नाही.

काशीबाई : दोरी हालली, बाय.

सुभद्राबाई : आले. थांबा, मी ओढते… काय म्हणताय? मोठ्यानं बोला. लघवी स्वच्छ? धागे नाहीत? बरं. दुखत-खुपत काही? नाही. बरं, बरं. जंतू मीच बघते, तुम्ही मत देऊ नका.

काशीबाई : नवर्‍याला कशी दटावते बघ. पन नाव नाय घेनार.

सुभद्राबाई : गप्प बसा दोघी.

गुणवंती : आये, तुजा हात दे.

काशीबाई : थंड परलाय तुजा.

गुणवंती : तुजापन.

सुभद्राबाई : एक कोपरा बघितला. दुसरा. काही नाही… अजून थोडं. मी सबंध काच बघितल्याशिवाय बोलणार नाही.

काशीबाई : सावकाश बग, बाय. आमी कुटं जात नाय.

सुभद्राबाई : नाही.

गुणवंती : नाय म्हंजे?

सुभद्राबाई : म्हणजे जोड्या नाहीत. शिपाईसुद्धा नाहीत. एका काचेवर मी कुणाच्या शपथा घेत नाही, येत्या आठवड्यात त्याला पुन्हा पाठवा. पण पोरगा साफ दिसतोय. हसत आला तो बायकोला भेटायचं म्हणून हसत आला असेल, काशीबाई. तसेही पुरुष असतात.

काशीबाई : माजा हरेश्वर. बोलली नवती मी? त्याला काय झालेलं नाय.

गुणवंती : बोललीस. नि चंदूला पन सांगावा धारलास.

काशीबाई : त्याला जेवायला बोलावलाय मी. पावना जेवायला येत नाय काय?

सुभद्राबाई : आता औषध ऐका.

काशीबाई : बोल. काय लावायचं? चूर्न? मलम?

सुभद्राबाई : काही नाही.

काशीबाई : काय नाय म्हंजे?

सुभद्राबाई : आत काही घालायचं नाही. फिनेल नाही, तुरटी नाही, साबण नाही, सुईणीची धुरी तर मुळीच नाही. साध्या पाण्यानं वरवर धुवायचं. आग फार झाली तर खोबरेल लावायचं, तेही बाहेरून. त्या काड्या परत येतात. आपण हात लावला नाही, तर आपोआप येतात.

काशीबाई : एवरा जिना चढून आली, ते काय करू नको ऐकायला?

सुभद्राबाई : काही न करणं सोपं वाटतं का तुला? तू खिडकीशी गप्प उभी राहून दाखवायची होतीस मघाशी.

गुणवंती : बरोबर बोलल्या.

सुभद्राबाई : आणि जखम भरून पुढची पाळी होऊन जाईपर्यंत हरेश्वर वेगळा झोपेल.

काशीबाई : होरीत झोपंल. वारा चांगला लागतो.

गुणवंती : त्यांना कारन काय सांगू?

काशीबाई : तू नको सांगू. मी सांगंन, सून फिनेल प्यायली.

गुणवंती : आये.

काशीबाई : बरं, आंगाला लागलं बोलंन. पन आता शेवंतेचं काय करू? बावीवर सगल्यांदेखत चोर बोललीय मी तिला.

गुणवंती : सगल्यांदेखतच माघार घ्यायची.

काशीबाई : मी? शेवंतेसमोर? त्यापरीस परमा बरा व्हता.

सुभद्राबाई : तिला पापलेट दे एक.

काशीबाई : मांजरांनी ठेवलं असंल तर. बोंबील देईन. चार. नाय, दोन देईन… बाय, एक इचारू काय?

सुभद्राबाई : विचार.

काशीबाई : ते तुजे शिपाई. चोर आला का धावत येतात ते. तवा, माज्या येलेला, माज्यात पन आले असतील काय?

सुभद्राबाई : आले असणारच.

काशीबाई : तवा कोनी काच नवती लावली मना.

सुभद्राबाई : काच आपण बघायला लावतो, काशीबाई. ते काचेसाठी येत नाहीत. कुणी सांगावा धाडावा लागत नाही त्यांना. तुला ताप आला होता ना भिंती हलवणारा? ती त्यांचीच धावपळ. किती दिवस लढले असतील, किती तिथंच मेले असतील. म्हणून तर तू उठून टोपली घेतलीस.

गुणवंती : आये? काय झालं?

काशीबाई : काय नाय, गो. एवरी वर्सं मना वाटायचं, त्या कोपर्‍यात मी एकटीच व्हती.